धम्मदीना आणि एक लिटर पेट्रोल

१५ जून २०२१, मंगळवार. माझ्या डायरीत त्या दिवशी एवढेच आहे: "नवी ड्रायव्हर आली. बाई. वय चाळीस. बूट पॉलिश केलेले. अच्युतना पसंत."

तिच्याविषयी तेव्हाच अधिक लिहायला हवे होते. राहून गेले, ते आता लिहिते.

अच्युत म्हणजे माझे यजमान. त्यांना मणक्याचा आजार जडला होता आणि आठवड्यातून दोनदा इस्पितळात न्यावे लागे. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचा. तिच्याआधीचे दोन ड्रायव्हर आम्ही महिन्याभरात बदलले होते. एकाला ब्रेक फक्त एकाच पद्धतीने दाबता येत असे, ती म्हणजे जिवावर उठल्यासारखी. दुसरा गाडी चालवताना फोनवर बहिणीचे लग्न ठरवत होता.

धम्मदीना इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या घराच्या दारात उभी राहिली ती पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून. मी विचारले, "कुठं शिकलीस गाडी?"

"महूला, काकू. आमचे बाबा फौजेत ट्रक चालवायचे. आनंदराव नाईक म्हणून. नाईक आडनाव नाही हो, रँक."

अच्युत पलंगावरून हसले. बऱ्याच दिवसांनी.

आनंदरावांनी तिला सतराव्या वर्षी छावणीच्या मोकळ्या मैदानावर गाडी शिकवली. दोन मुलगे होते, पण एकाला क्रिकेट हवे होते आणि दुसऱ्याला झोप. शिकवताना आनंदराव शेजारी डोळे मिटून बसत. तिने गिअर बदलला आणि तो त्यांना कळला, तर म्हणत, "कळला मला. उतर." मग तिने उतरून गाडीला एक फेरी मारायची, चारही चाके बघायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. पहिल्या दिवशी तिने सव्वीस फेऱ्या मारल्या. ज्या दिवशी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते डोळे मिटून गप्प राहिले, त्या दिवशी घरी खीर झाली.

नंतर लग्न झाले. पीथमपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम अकरा वर्षे केले. कारखाना बंद पडला तेव्हा तिने नवऱ्याला सांगितले, "मला एकच गोष्ट चांगली येते आणि ती मी सतराव्या वर्षीच शिकले आहे." तिचा नवरा ज्ञानदीप एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो. त्याने स्वतः जाऊन तिच्या व्यावसायिक लायसनचा फॉर्म आणला.

"साहेबांना त्रास होऊ नये म्हणून काय काय करायचं, ते मला लिहून द्या," ती म्हणाली. "तोंडी नको. बाबांच्या तिथं तोंडी काहीच नसायचं. हुकूम कागदावर आला की लागू, आणि कागदावर रद्द झाला की रद्द."

लिहिण्याचा मला कधी कंटाळा नाही. मी एका कागदावर पाच ओळी लिहून दिल्या आणि त्याची नक्कल सवयीने डायरीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवली. तिने कागद नीट घडी करून ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या सावलीच्या फळीमागे खोचला.

दीड वर्ष तिने अच्युतना नेले-आणले. त्या दीड वर्षात त्यांनी गाडीत एकदाही "हळू" असे म्हटले नाही. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले. धम्मदीना माझ्यासाठी येत राहिली. मंगळवारी वाचनालय, गुरुवारी सकाळी बँक आणि संध्याकाळी भाजी, रविवारी जुन्या इंदुरात माझ्या बहिणीकडे. बाकीच्या दिवशी कॉलनीतल्या आणखी तीन म्हाताऱ्या घरांना तिची सोबत होती. ती तिन्ही घरे तिला मिळाली ती माझ्या शब्दावर.

मी पेट्रोल भरताना दर वेळी किलोमीटर आणि लिटर डायरीत लिहिते. गाडी आली तेव्हापासून, म्हणजे २०११ पासून. मात्र आमच्या घरात लिहिणे माझ्याकडे होते आणि भागाकार अच्युतांकडे. ते गेल्यावर मी आकडे लिहीत राहिले. भागायला कोणी नव्हते.

तो भागाकार सुजयने केला.

सुजय आमचा मुलगा, पुण्यात इंजिनिअर आहे. गेल्या दसऱ्याला, २०२५ मध्ये, तो आला होता. दसऱ्याच्या दिवशी धम्मदीना महूला गेलेली, धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी. ३ ऑक्टोबरला सकाळी सुजय चहा पीत माझी डायरी चाळत होता. त्याने फोन काढला, दोन आकडे टाकले, मग आणखी दोन.

"आई, गाडीचं ॲव्हरेज माहितीये तुला? दहा पॉइंट नऊ! या गाडीनं लिटरला पंधरा-सोळा द्यायला पाहिजेत."

"जुनी झाली आता."

"एवढी नाही झाली. पेट्रोल जातंय कुठं? गाडी तरी पीतेय, नाहीतर दुसरं कोणीतरी काढून घेतंय. मला विचारशील तर दोघांनाही रामराम कर. गाडी विकून टाकू. मी तुझ्या फोनवर टॅक्सी मागवायचं शिकवतो."

दारात धम्मदीना उभी होती. हातात महूहून आणलेला पेढ्यांचा पुडा होता.

तिने पुडा टेबलावर ठेवला. त्याच्या शेजारी गाडीची चावी ठेवली.

"सुजय भिया, मी पेट्रोल पीत नाही. चहासुद्धा बिना शक्करचा पिते. डॉक्टरनं सांगितलंय."

सुजयचे कान लाल झाले. "तसं नाही हो, मी आपलं आकड्यांवरून—"

"आकड्यांवरूनच म्हणाले ना. मग आकड्यांवरूनच साफ करू." ती माझ्याकडे वळली. "काकू, चोर म्हणून नाही जाणार मी. आज मी इथून अशी निघाले तर संध्याकाळपर्यंत बाकीची तिन्ही घरं दार लावून घेतील. आणि ती तर जाऊ द्या, ज्ञानदीपला काय सांगू? मला एक महिना द्या. आकडा सुधारला नाही तर चावी तुमची."

सुजय म्हणाला, "ठीक आहे. नोव्हेंबरमध्ये मी परत येतोय. गाडी तेव्हा बघू." तिने चावी उचलली, पण खिशात टाकली नाही. टेबलाच्या कडेला, माझ्या बाजूला सरकवून ठेवली. तो महिनाभर ती येई त्या दिवशी सकाळी चावी माझ्याकडून मागून नेई आणि संध्याकाळी परत देई.

सुजय पुण्याला गेल्यावर मी सगळ्या डायऱ्या काढल्या. पंधरा वर्षांचे भागाकार करायला तीन दुपारी लागल्या. निकाल वाचून मला बसूनच राहावेसे वाटले. २०११ पासून मे २०२१ पर्यंत गाडी पंधरा आणि सोळाच्या मध्ये चालली होती. जुलै २०२१ मध्ये आकडा अकरावर आला होता आणि तिथेच राहिला होता.

म्हणजे धम्मदीना आली आणि आकडा पडला.

मी हे फोनवर सुजयला सांगितले, कारण त्याच्यापासून लपवणे मला बरोबर वाटले नाही.  तो म्हणाला, "आई, तूच बघ आता."

मी बघितले. १५ जूनच्या नोंदीवर परत आले, आणि काहीतरी आठवून त्या डायरीचे मागचे पान उघडले. माझ्याच अक्षरात, जे अक्षर शाळेतल्या नन्सनी रेघेबाहेर जाऊ दिले नाही त्या अक्षरात, लिहिले होते:

"टायरमध्ये हवा बावीसच ठेवणे, दणके बसू नयेत. तिसऱ्या गिअरच्या वर जाऊ नये, वेग तीसच्या आत. थांबल्यावर एसी व इंजिन चालू ठेवावे, गाडी गार हवी. टपावर कॅरियर कायम असावा, व्हीलचेअरसाठी. डिकीत वॉकर, गादी व पाण्याचे दोन कॅन."

दुसऱ्या दिवशी धम्मदीना आल्याबरोबर मी विचारले, "मी वाचनालयात बसते तेव्हा तू काय करतेस?"

"गाडीत थांबते."

"एसी लावून?"

"हो तर."

"दीड तास? इंजिन चालू ठेवून?"

"काकू, कागदावर आहे ना."

"आणि हवा?"

"बावीस. दर सोमवारी बघते. कधी तेवीस झाली तर एक काढते."

"अगं, पण साहेबांना जाऊन पावणेतीन वर्षं झाली!"

"मग रद्द कुठं केलंत?" तिने शांतपणे विचारले. आणि थोड्या वेळाने, जरा खाली बघून, म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला गाडी तशीच हवीये."

 मी आत जाऊन कोरा कागद आणि पेन आणले. पाचही ओळी एकेक करून लिहिल्या, प्रत्येकीपुढे "रद्द" लिहिले, तारीख घातली, सही केली. तिने जुना कागद फळीमागून काढून मला परत दिला. घड्यांवर तो फाटायला आला होता. तो मी डायरीत ठेवला आहे.

मग ती म्हणाली, "चला आता नंदू भियाकडे."

नंदूचे गॅरेज जुन्या इंदुरात आहे. तीन पिढ्यांचे मराठी घर, पण बोलणे सगळे इंदुरी. त्याने गाडीला एक फेरी मारली, डिकी उघडली आणि गादी, वॉकर, पाण्याचे कॅन बघून कमरेवर हात ठेवले.

"काकूजी, ही गाडी नाही, चलता-फिरता आयसीयू आहे. पेशंट कुठंय?"

"पेशंट गाडीच आहे," मी म्हणाले.

टपावरच्या कॅरियरचे नट गंजून बसले होते. ते काढायला त्याला तास लागला. "ही जाळी डोक्यावर घेऊन गाडी हवेशी कुस्ती खेळतीये, रोज," तो म्हणाला. एअर फिल्टर काढून झटकला तेव्हा आम्ही तिघेही शिंकलो. मागचे एक चाक हाताने फिरवून बघितले तर ते अर्ध्यातच अडले. ब्रेक पूर्ण सुटत नव्हता; गाडी कित्येक महिने एक पाय घासत चालत होती. प्लग बदलले, ऑइल बदलले, टायरमध्ये हवा तीस केली, दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात लिहिलेली. तो तक्ता इतकी वर्षे तिथेच होता आणि मी तो कधी वाचला नव्हता.

"बाकी आता दीदीच्या पायात आहे," नंदू म्हणाला. "दीदी, उतारावर काय करता?"

"न्यूट्रल. आणखी काय? पेट्रोल वाचतं."

"हाच तर लोचा आहे ना! नवीन गाड्यांत उलटं असतं. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला ना, पेट्रोल पूरा बंद. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं जातच राहतं."

धम्मदीनाचा आवाज मी प्रथमच चढलेला ऐकला. "माझ्या बाबांनी शिकवलंय मला. तीस वर्षं ट्रक चालवला त्यांनी. लडाखला!"

"अरे दीदी, बाबांचा ट्रक वेगळा, हा डब्बा वेगळा. बाबांशी माझं भांडण नाही. बसा गाडीत, मशीन लावतो, स्वतःच बघा."

त्याने स्टिअरिंगखाली एक तार जोडली आणि हातातला छोटा पडदा तिच्यासमोर धरला. आम्ही जवळच्या पुलावर गेलो. पहिल्या उतारावर तिने न्यूट्रल केले. पडद्यावर जळणाऱ्या पेट्रोलचा एक लहानसा आकडा हलत राहिला. दुसऱ्यांदा तिने गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवून फक्त पाय उचलला. आकडा शून्य झाला आणि उतार संपेपर्यंत शून्यच राहिला. ती वळसा घालून परत वर गेली. पुन्हा शून्य. आणखी एकदा गेली. 

चौथ्या फेरीनंतर तिने गाडी कडेला घेतली.

"बाबा असते तर त्यांनी आधी हे मशीनच खोलून बघितलं असतं," ती म्हणाली.

"खोलून बघितल्यावर?" मी विचारले.

तिने खिशातून माझा "रद्द"चा कागद काढला, माझ्याकडून पेन मागितले, आणि पाच ओळींखाली सहावी लिहिली. "उतारावर न्यूट्रल. रद्द." सही केली, पूर्ण नावाने, वडिलांच्या नावासकट.

नवे नियम तिने सांगितले आणि मी लिहिले. मिनिटभराहून जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद. गाडी सावलीत लावायची, म्हणजे गार करावी लागत नाही. वेग आला की वरचा गिअर. लांबूनच लाल दिवा दिसला की पाय तिथेच उचलायचा, दिव्यापर्यंत धावत जाऊन ब्रेक मारायचा नाही. माझी बँक, भाजी आणि औषधे एकाच फेरीत बसवायची. या शेवटच्या नियमाला मी कुरकुर केली. तिने ऐकले नाही.

पहिल्या टाकीला तेरा पॉइंट आठ आले. मी भागाकार दोनदा केला. दुसऱ्या टाकीला पंधरा पॉइंट नऊ. त्या दिवशी तिने गाडी धुतली आणि टपावर जिथे कॅरियरच्या पट्ट्यांचे डाग राहिले होते, ते टूथपेस्टने घासून काढले. महिनाअखेर शहरातल्या रहदारीत सोळा पॉइंट सात आले. माझ्या पंधरा वर्षांच्या डायऱ्यांत शहरातला एवढा आकडा नव्हता.

सुजय ७ नोव्हेंबरला आला. मी त्याच्यासमोर आकडे ठेवले. त्याने वाचले, पण माझा मुलगा आहे तो, म्हणाला, "आई, हे सगळं तूच लिहिलंयस. मी स्वतः मोजेन."

"मोजा ना," धम्मदीना दारातून म्हणाली. "उद्या महेश्वर. जाऊन येऊ. पंपावर तुम्ही उभं राहायचं, आकडा तुम्ही घ्यायचा, भागाकार तुमचा."

महेश्वरचेच नाव तिने का घेतले ते मला ठाऊक होते. मार्च २०१४ मध्ये अच्युत याच गाडीने मला महेश्वरला घेऊन गेले होते. परतल्यावर त्यांनी भागाकार केला आणि मला लिहायला सांगितले: "सतरा पॉइंट तीन. विक्रम!" उद्गारचिन्हासकट. तो आकडा मी तिला वाचून दाखवला होता.

शनिवारी सकाळी आम्ही पंपावर गेलो. सुजय नळीशेजारी पहारेकऱ्यासारखा उभा. नळी आपोआप बंद झाली तशी पंपावरच्या बाई म्हणाल्या, "राउंड फिगर करून देऊ?"

"नाही!" धम्मदीना आणि सुजय एकदम ओरडले. त्या महिन्यात त्या दोघांचे एकमत झालेली ती पहिली गोष्ट. बाई दचकून मागे सरल्या.

राऊ मागे पडले, महू आले. तिने एका मैदानाकडे बोट दाखवले, "इथंच सव्वीस फेऱ्या." मी सुजयला आनंदरावांच्या परीक्षेची गोष्ट सांगू लागले आणि मागे वळून बघितले, तर तो मान टाकून झोपला होता. धम्मदीनाने आरशात बघितले. तिच्या गालावर हसू पसरले ते घाटमाथ्यावरचे जाम गेट येईपर्यंत तसेच होते.

घाटाच्या वळणांवर सुजय जागा झाला. समोर खाली निमाड पसरले होते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घुमत उतरत होती.

"अहो, उतार आहे, न्यूट्रल करा ना," इंजिनिअर म्हणाले. "फुकट पेट्रोल जातंय."

"तो हुकूम रद्द झाला, सुजय भिया," ती म्हणाली. "लेखी आहे."

महेश्वरला आम्ही नर्मदेच्या पायऱ्यांवर बसून घरचे थालीपीठ खाल्ले. परतीचा घाट चढताना ती पुढच्या ट्रकला ओलांडायला धावली नाही, त्याच्या मागे एका लयीत चढत राहिली. सुजय दोनदा म्हणाला, "काढा ना पुढे." दुसऱ्या वेळी तिने विचारले, "विमान पकडायचंय का आज?" 

दुपारी चार वाजता तोच पंप, तेच मशीन. नळी बंद झाली. पंपावरच्या बाईंनी या वेळी काही विचारले नाही, हात वर केले फक्त.

सुजयने गाडीच्या मीटरकडे बघितले. एकशे सत्त्याऐंशी पॉइंट चार किलोमीटर. मशीनकडे बघितले. नऊ पॉइंट ब्याण्णव लिटर. फोनवर भागले. पुन्हा भागले. मग फोन माझ्याकडे दिला, जणू मला तो अधिक नीट वाचता येणार होता.

अठरा पॉइंट एकोणनव्वद.

"साहेबांचा किती होता?" धम्मदीनाने विचारले, जसे तिला माहीतच नव्हते.

"सतरा पॉइंट तीन," मी म्हणाले. "आणि ते घाट चढताना मला खाली उतरवून चालायला लावायचं म्हणत होते." पंपावर उभी राहून मी इतक्या मोठ्याने हसले की मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला. मग धम्मदीना हसली, पोटावर हात धरून, आणि पंपावरच्या बाईंनी काही न समजता टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर सुजय तिच्यासमोर उभा राहिला. "धम्मदीनाताई, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं."

तिने मान हलवली. "तोंडी नको, भिया. लिहून द्या."

मी कपाटातून चालू वर्षाची डायरी काढली आणि ८ नोव्हेंबरचे पान उघडून त्याच्यासमोर ठेवले. माझ्या डायरीत आजवर दुसऱ्या कोणी अक्षर लिहिलेले नव्हते, अच्युतनीही नाही. सुजयने लिहिले: "मी धम्मदीनाताईंवर संशय घेतला. तो चुकीचा होता. गाडीचे ॲव्हरेज १८.९." खाली सही.

तिने पान हातात घेऊन सावकाश वाचले.

"अठरा पॉइंट नऊ नाही. अठरा पॉइंट एकोणनव्वद. खोडा आणि बरोबर लिहा. आणि संशय आधी रद्द करा, रद्द असा शब्द पाहिजे."

त्याने खोडले, लिहिले, शब्द घातला. तिने पान परत केले, टेबलाच्या कडेवरची चावी उचलली आणि खिशात टाकली.

"काकू, सोमवारी जरा लवकर येते," ती बूट घालता घालता म्हणाली. "टायर थंड असतानाच हवा बघायला पाहिजे. आणि तुमची बँक आणि भाजी एकाच फेरीत, विसरू नका."